मिलानला आर्किटेक्चर शिकायला चाललायत? स्टुडिओत पाय ठेवायच्या आधी हे वाचा

मी मूळची कराडची, बी.आर्क. पुण्यातून, मग दोन वर्षं एका ऑफिसात टॉयलेट डिटेल्स आणि दाराखिडक्यांची शेड्युलं काढली आणि मग मास्टर्सला मिलानच्या पोलितेक्निकोत गेले. पोलितेक्निको म्हणजे १८६३ सालची युनिव्हर्सिटी आहे हे घरी कितीही समजावलं तरी आमच्या आत्याला अजूनही वाटतं की मी बी.आर्क. करून परत डिप्लोमा करायला गेले. असो. दर वर्षी जून-जुलैत ज्युनिअर्सचे तेच तेच मेसेज येतात, ताई व्हिसाचं काय, ताई मॉडेलचं सामान इथून नेऊ का, ताई ग्रुप कसा मिळतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. व्हिसाबद्दल लिहिणारे खूप आहेत, स्टुडिओबद्दल (म्हणजे जिथे प्रत्यक्ष डिझाइन करत शिकायचं तो मुख्य विषय) कोणी लिहीत नाही, आणि खरी गडबड तिथेच होते.

१. कोर्सचं नाव वाचू नका, वर्ग वाचा

इटलीत दोन वर्षांच्या मास्टर्सला लाउरेआ माजिस्त्राले म्हणतात, १२० क्रेडिट्स. प्रत्येक कोर्स सरकारने ठरवलेल्या एका वर्गात मोडतो. आर्किटेक्चरचा वर्ग एलएम-४, लँडस्केपचा एलएम-३, अर्बन प्लॅनिंगचा एलएम-४८, इंटिरियर आणि प्रॉडक्टवाले बरेच कोर्स डिझाइनच्या एलएम-१२ मध्ये. नावं सगळ्यांचीच भारी असतात, पण पुढे कधी तिथली राज्य परीक्षा देऊन आर्किटेक्ट म्हणून नोंदणी करायची इच्छा असेल तर वर्ग कुठला हे आत्ताच बघा, दोन वर्षांनी बघून उपयोग नाही. कॅम्पसही बघा. पोलितेक्निकोचे आर्किटेक्चरचे कोर्स मिलानशिवाय मांतोव्हा, पिआचेन्झा, लेक्को इथेही आहेत. छोट्या गावात भाडं कमी, वर्गात मुलं कमी, प्रोफेसर जास्त वेळ देतात. मिलानच पाहिजे हा हट्ट असेल तर पैशाची तयारी ठेवा.

आणि हो, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी तुमच्या बी.आर्क.वर आहे, ती तिकडे गेल्यावर बंद पडू देऊ नका, रिन्यूअलची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

२. पोर्टफोलिओत रेंडर कमी करा

आपल्याकडे पोर्टफोलिओ म्हणजे संध्याकाळच्या आकाशाचे रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली फोटोसारखी चित्रं), वर उडणारे पक्षी आणि खाली इंग्रजी कोट. ते काढा. मिलानचं वळण प्लॅन आणि सेक्शनचं (इमारत उभी कापली तर आत काय दिसेल त्या ड्रॉइंगचं) आहे. एक प्रोजेक्ट असा ठेवा ज्यात आजूबाजूची वस्ती प्लॅनमध्ये दिसतेय, एक नीट काढलेला मोठा सेक्शन, दोन-तीन हाताचे स्केचेस, मॉडेलचे फोटो. ऑफिसात काम केलं असेल तर वर्किंग ड्रॉइंगचं एखादं पान टाका, फक्त ऑफिसची परवानगी घ्या आणि त्यात तुम्ही नक्की काय केलं ते एका ओळीत लिहा. ग्रुप प्रोजेक्ट एकट्याच्या नावावर खपवू नका. पानांची आणि फाइल साइजची मर्यादा दर वर्षीच्या कॉलमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या सूचनेत, दिलेली असते, ती पाळा.

३. कागदपत्रं

ही यादी भिंतीवर चिकटवा:

- पासपोर्ट, कोर्स संपेपर्यंत व्हॅलिड असलेला बरा
- दहावी, बारावी, बी.आर्क.च्या सगळ्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, ट्रान्सक्रिप्ट
- पदवीवर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का)
- डिक्लरेशन ऑफ व्हॅल्यू किंवा चिमेआ या तिकडच्या संस्थेचं प्रमाणपत्र (आपली पदवी तिथे कशाच्या तोडीची ते सांगणारा कागद), युनिव्हर्सिटी जे मागेल ते
- इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल
- युनिव्हर्सिताली या सरकारी पोर्टलवरची प्री-एन्रोलमेंट, ती मंजूर झाल्याशिवाय व्हिसाचं गाडं पुढे सरकत नाही
- राहायची सोय, इन्शुरन्स आणि पैशाचा पुरावा किंवा एज्युकेशन लोनचं सँक्शन लेटर
- या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो, तिकडे फोटो काढणं महाग पडतं

शिष्यवृत्ती आणि फीमधली सवलत घरच्या उत्पन्नावर ठरते, त्यासाठीच्या कागदाला इझे परिफिकातो म्हणतात, आणि इथे आपल्या बहुतेक पोरांचं घोडं अडतं. त्यांना घरच्या सगळ्यांचं उत्पन्न, वर्षअखेरची बँकेतली शिल्लक आणि घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लागतं. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्या तहसीलदाराचा दाखला एप्रिल ते मार्चचा. आमच्या घरपट्टीच्या पावतीवर क्षेत्रफळ चौरस फुटात होतं, बाबांनी दोन चकरा मारून नवीन दाखला करून आणला आणि तो परत अपोस्टिल, परत इटालियन भाषांतर. हे काम मे महिन्यातच सुरू करा, ऑगस्टमध्ये तिकडून फोनवर घरच्यांना पळवू नका.

४. बॅगेत काय भरायचं

ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर अजिबात नको. न्यायचं ते असं: स्टीलची पट्टी, स्नॅप-ऑफ कटर आणि ब्लेडची पाकिटं (चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये काढून घेतील), ए३ कटिंग मॅट, तुमची आवडती पेनं, आणि अप्पा बळवंत चौकातून चार-पाच स्केचबुकं. बाकी सामान तिथे मिळतं, फक्त नावं वेगळी आहेत, ती पुढे मॉडेलच्या भागात देते. लॅपटॉपवर पैसे खर्च करा, इतर कशावर नका करू. तीन पिनांचा आपला प्लग तिकडे बसत नाही, एक भारतीय एक्स्टेंशन बोर्ड आणि एक अ‍ॅडॉप्टर नेलात की चार गोष्टी एकदम चालतात. छोटा कुकर न्या, हे आर्किटेक्चरशी संबंधित नाही पण जुरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडायच्या) आठवड्यात खिचडीसारखं काही नाही.

५. उतरल्यावरचे पहिले दिवस

ऑगस्टच्या मधल्या पंधरवड्यात उतरू नका. १५ ऑगस्टला तिथे फेर्रागोस्तो असतो, त्याच्या पुढेमागे निम्मं शहर सुट्टीवर, दुकानांच्या शटरवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. मी नेमकी तेव्हाच उतरले आणि उशी घ्यायला तीन दिवस फिरले. वर्ग सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतात, ऑगस्टअखेरीला पोचलात तरी पुरे.

इटलीत आल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पेर्मेस्सो दी सोज्जोर्नोचा अर्ज टाकायचा. पोस्टात त्याचं किट फुकट मिळतं, पण सगळ्या पोस्टांत नाही, स्पोर्तेल्लो आमिको लिहिलेल्या पोस्टातच. १६ युरोचा स्टॅम्प तंबाखूच्या दुकानातून घ्यायचा (हो, खरंच), पोस्टाचे ३० युरो आणि कार्डाचे ७० युरो ४६ सेंट, म्हणजे एकूण ११६ युरो ४६ सेंट. पावती मिळते ती जिवापाड जपा. पुढे पोलिसांकडे बोटांचे ठसे, आणि कार्ड हातात यायला महिने जाऊ शकतात. सापळा असा की नुसत्या पावतीवर शेंगेनमधल्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशात फिरणं धोक्याचं असतं, आणि स्टुडिओची ट्रिप नेमकी बासेलला किंवा रॉटरडॅमला निघते. ट्रिपचं कळलं की लगेच प्रोफेसरांना आणि इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, बुकिंग झाल्यावर नको.

आरोग्यासाठी सरकारी सेवेत नाव घालायचं तर विद्यार्थ्यांना वर्षाला ७०० युरो, आणि ते वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. ऑक्टोबरमध्ये भरलेत तर तीन महिन्यांसाठी पूर्ण पैसे गेले. म्हणून बरेच जण पहिल्या वर्षी खासगी इन्शुरन्स घेतात.

घराबद्दल काय सांगू. २०२३ च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी पोलितेक्निकोच्या दारासमोर तंबू ठोकून भाड्याविरुद्ध आंदोलन केलं होतं, यावरून समजा. घर बघितल्याशिवाय, किंवा ओळखीच्या कोणाला बघायला पाठवल्याशिवाय, एक रुपया पाठवू नका. "मी सध्या लंडनमध्ये आहे, किल्ली कुरियरने पाठवतो" असं कोणी म्हणालं की समजून जा. करार रजिस्टर केलेला हवा असा आग्रह धरा, पुढे प्रत्येक कागदाला तो लागतो.

६. टाइमटेबलमध्ये स्टुडिओ सापडणार नाही

पहिल्या दिवशी मी मजल्यामजल्यावर स्टुडिओ शोधत होते. इटालियनमध्ये स्तुदिओ म्हणजे आर्किटेक्टचं ऑफिस. कॉलेजातल्या डिझाइन स्टुडिओला लाबोरातोरिओ म्हणतात, आणि ते वाचून मला वाटलं ही काँक्रीटचे क्यूब तोडायची लॅब असेल. कोर्स इंग्रजीत असला तरी भिंतीवरच्या नोटिसा, असिस्टंटचं आपसातलं बोलणं आणि प्रोफेसर तापले की त्यांचं बोलणं, हे सगळं इटालियनमध्ये. एवढे शब्द पाठच करा:

पियांता म्हणजे प्लॅन. सेत्सिओने म्हणजे सेक्शन. प्रोस्पेत्तो म्हणजे एलिव्हेशन (इमारतीची समोरून दिसणारी बाजू), पर्स्पेक्टिव्ह नाही, पर्स्पेक्टिव्हला प्रोस्पेत्तिवा. माझ्या शेजारच्या मुलाने रात्रभर बसून चार पर्स्पेक्टिव्ह काढून आणले होते, मागितली होती चार एलिव्हेशन. ताव्होला म्हणजे शीट. प्लास्तिको म्हणजे मॉडेल, त्यात प्लास्टिक असो वा नसो. सोप्रालुओगो म्हणजे साइट व्हिजिट. कोन्सेन्या म्हणजे सबमिशन. रेव्हिझिओने, आमच्या भाषेत रेव्हिजन, म्हणजे प्रोफेसरांसोबत दर आठवड्याचं डिस्कशन. दशांशाच्या जागी ते स्वल्पविराम देतात, तेव्हा ३,५० म्हणजे साडेतीन मीटर, तीनशे पन्नास नाही.

क्रेडिटचा हिशेबही इथेच समजून घ्या. एक क्रेडिट म्हणजे तुमचे एकूण २५ तास, वर्गातले आणि घरचे धरून. १२ क्रेडिटचा स्टुडिओ म्हणजे ३०० तास. स्टुडिओला हजेरी लागते आणि त्याला बहुतेक वेळा स्ट्रक्चर, इतिहास किंवा अर्बन डिझाइनचा एखादा विषय जोडलेला असतो, ज्याचे मार्क त्याच निकालात मिसळतात. तो जोड विषय दुर्लक्षित करणं ही फार कॉमन चूक आहे.

७. ग्रुप पहिल्याच आठवड्यात ठरतो, गाफील राहू नका

आपल्याकडे डिझाइन एकट्याचं. तिथे तीन-चार जणांचा ग्रुप आणि तोच पूर्ण सेमिस्टर. पहिल्या दिवशी प्रोफेसर विषय आणि साइट सांगतात, कॉफी ब्रेक होतो, आणि ब्रेकवरून परत येईपर्यंत निम्मे ग्रुप झालेले असतात. ब्रेकमध्ये फोन बघत बसू नका.

सगळे भारतीय मिळून ग्रुप करायचा मोह होतो. मराठी बोलता येतं, डबा वाटून खाता येतो, मान्य. पण साइटवर म्हाताऱ्या आजींशी कोण बोलणार, महापालिकेचा नियम कोण वाचणार, प्रिंटवाल्याला घाई आहे हे कोण पटवणार? एक तरी इटालियन असावा. आमच्या ग्रुपमध्ये मी, एक इराणी मुलगी, एक दक्षिण इटलीतल्या बारी शहराचा मुलगा आणि एक स्पॅनिश एरास्मुसवाला (युरोपातल्या एक्स्चेंजवर थोड्या काळासाठी आलेला) होता. एरास्मुसवाल्यांबद्दल एक सूचना, ते गोड असतात पण त्यांच्या परत जायच्या तारखा आधीच विचारा, आमचा माणूस परीक्षेआधी आठ दिवस विमानात बसला आणि त्याच्या लॅपटॉपमधली लिंक तुटलेली फाइल आमच्या गळ्यात.

भांडण होणारच. आपली सवय अशी की मनात ठेवायचं, रात्री एकटीनेच सगळं करून टाकायचं आणि मग चिडायचं. माझं पहिलं सेमिस्टर असंच गेलं. तिकडची मुलं तोंडावर "मला हे आवडलं नाही" म्हणतात आणि पाच मिनिटांत सोबत कॉफी पितात. त्याची सवय करा. आणि इमारती रात्री बंद होतात, आपल्या कॉलेजसारखी नाइट मारायची सोय धरू नका, कोणाच्या घरचं टेबल मोठं आहे ते आधी शोधा.

८. साइटवर तीनदा जा, आणि शहर चालत बघा

पहिला धक्का हा की एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) किती, मार्जिन किती हे कोणी विचारतच नाही. आम्ही डीसीआर, म्हणजे बांधकामाचे नियम, पाठ असलेली माणसं. तिथे पहिले तीन-चार आठवडे नुसतं शहर वाचायचं. आजूबाजूच्या ब्लॉकचे तळमजले प्लॅनमध्ये काढायचे, दुकानं, जिने, अंगणं सकट. १७४८ मध्ये नोल्ली नावाच्या नकाशाकाराने रोमचा नकाशा काढला ज्यात चर्चचा आतला भागसुद्धा रस्त्यासारखा पांढरा सोडला, त्या पद्धतीचं वेड अजून उतरलेलं नाही.

साइट बऱ्याचदा जुन्या रेल्वे यार्डांवर असते. मिलानमध्ये अशी सात यार्डं पुनर्विकासाला काढलीत: फारिनी, पोर्ता रोमाना, पोर्ता जेनोव्हा, लांब्राते, ग्रेको, रोगोरेदो, सान क्रिस्तोफोरो. बेस मॅप विकत घेऊ नका, लोम्बार्दियाच्या आणि मिलान महापालिकेच्या जिओपोर्टलवर फुकट मिळतात. फक्त डाउनलोड केल्यावर कोऑर्डिनेट सिस्टिम सगळ्या ग्रुपने एकच ठेवा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. मिलानमध्ये कासा दी रिंगिएरा नावाची जुनी घरं आहेत, मधे चौक, भोवती लोखंडी कठड्याच्या सामायिक गॅलऱ्या, गॅलरीतून प्रत्येक खोलीचं दार, पूर्वी संडासही टोकाला सामायिक. नाविल्यीच्या कालव्यांजवळ अशा एका चौकात शिरले आणि मी तिथेच हसायला लागले, गिरगावातली मावशीची चाळच की ही! रेव्हिजनला मी चाळीचा प्लॅन आणि सेक्शन काढून नेला, वाळत घातलेले कपडे, कठड्याला टेकून गप्पा मारणाऱ्या बायका आणि गणपतीचा मांडव सकट, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रोफेसर अर्धा तास आमच्या टेबलावर बसले. तोवर मी युरोपातलेच रेफरन्स शोधत होते, जे त्यांनी हजारदा पाहिलेले. आल्दो रोस्सी या इटालियन आर्किटेक्टने मिलानच्या गाल्लारातेसे भागात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जी लांबच लांब पांढरी इमारत बांधली तिची गॅलरीसुद्धा याच घरांच्या नात्यातली आहे. ते खासगी संकुल आहे, गेटवर नम्रपणे विचारा, नाही म्हणाले तर वाद घालू नका. तोर्रे वेलास्का, पिरेल्लीचा टॉवर आणि फोंदात्सिओने प्रादा या मिलानच्या नावाजलेल्या इमारती मात्र पहिल्या महिन्यातच उरकून टाका, रेव्हिजनला त्यांची नावं मिठासारखी पडतात.

९. रेव्हिजनला अर्धवट घेऊन जा

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

आपल्याला सवय काय? सर येणार म्हणजे शीट स्वच्छ पाहिजे. अर्धवट दाखवलं तर ओरडा बसतो, म्हणून आपण लपवतो, आणि एकदम जुरीला काढतो. पहिल्या रेव्हिजनला मी रात्रभर बसून एक चकचकीत व्ह्यू केला. प्रोफेसरांनी बघितला, "छान" म्हणाले, आणि विचारलं बाकीचे पर्याय कुठेत? मी म्हटलं हेच फायनल. ते म्हणाले मग आज बोलण्यासारखं काही नाही, आणि पुढच्या टेबलावर गेले. दोन मिनिटं. शेजारच्या ग्रुपने टेबलावर स्केच पेपरचे पाच-सहा तुकडे, वेड्यावाकड्या पुठ्ठ्याची चार मॉडेलं पसरली होती, त्यातलं एक तर रात्रीच्या पिझ्झ्याच्या खोक्याचं, आणि त्यांच्याशी ते पाऊण तास बोलले, मधे कात्री घेऊन एक मॉडेल कापलं सुद्धा. आपलं मॉडेल कोणी असं कापलं असतं तर मी रडले असते.

नंतर उलगडलं की त्यांना तयार वस्तू नको असते, हात घालायला जागा हवी असते. तेव्हा काय करायचं:

प्रत्येक रेव्हिजनला कमीत कमी तीन पर्याय, एकाच स्केलमध्ये, कागदावर. स्क्रीनवर नको, स्क्रीनवर कोणी पेन्सिल चालवू शकत नाही. वर स्केच पेपरची गुंडाळी ठेवा, ते त्यावरच काढणार. सुरुवात माफीने करू नका, "सॉरी, पूर्ण नाही झालं" हे आपलं पेटंट वाक्य आहे. त्याऐवजी प्रश्न घेऊन जा, जसं की जिना रस्त्याकडे ठेवला तर चौक शांत राहतो पण दुकानाला तोंड राहत नाही, तुम्हाला काय वाटतं? ग्रुपमधल्या एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. आणि बाहेर आल्यावर दहा मिनिटं तिथेच उभं राहून चौघांनी काय ऐकलं ते ताडून बघा, कारण एकाच वाक्याचे चार अर्थ घेऊन चौघं घरी गेलेले असतात.

प्रोफेसरांनी सांगितलेलं सगळं करायचं नसतं हे पचायला मला सहा महिने लागले. सर म्हणाले म्हणजे सर म्हणाले, ही आपली घडण. तिथे तुम्ही त्यांचं तसंच करून आणलं तर पुढच्या आठवड्यात तेच विचारतात की हे का केलंत. "तुम्ही सांगितलं म्हणून" हे उत्तर चालत नाही. उलट "करून बघितलं, पण चौकात ऊन येत नाही, म्हणून सोडलं" असं मॉडेल दाखवून म्हणालात तर खूश होतात. बोलायचं मात्र अदबीने, आडनावाने किंवा प्रोफेसोरे म्हणून, पहिल्या नावाने ते स्वतः सांगेपर्यंत नाही.

१०. फाइलीतले बारीक सापळे

आपण मिलिमीटरमध्ये काढतो, ते मीटरमध्ये किंवा सेंटिमीटरमध्ये. पहिल्या आठवड्यात युनिट ठरवून कागदावर लिहून टेबलावर चिकटवा, नाहीतर कोणाचा जिना इमारतीपेक्षा हजारपट मोठा येणार.

कॉम्प्युटर लॅबमधल्या ऑटोकॅडच्या कमांड इटालियनमध्ये असू शकतात. घाबरू नका, कमांडच्या आधी अंडरस्कोअर टाकला की इंग्रजी कमांड चालते. कीबोर्डही इटालियन, अंडरस्कोअर शोधण्यातच पाच मिनिटं जातात.

ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट, दर वर्षी रिन्यू करायची. ऱ्हायनोचं स्टुडंट लायसन्स एकदाच विकत घ्यायचं. क्रॅक केलेलं नेऊ नका, ऐन सबमिशनला रडवतं.

११. मॉडेल

सनबोर्ड मागितलात तर कोणाला कळणार नाही. हे घ्या भाषांतर: फेव्हिकॉल म्हणजे व्हिनाविल. सनबोर्डच्या जवळचं ते फोरेक्स, पातळ पण कडक. फोमबोर्ड म्हणजे पोलिप्लात. माउंटबोर्डसारखं कार्तोन्चीनो. थर्माकोल म्हणजे पोलिस्तिरोलो. बटर पेपरच्या जागी कार्ता दा स्किझ्झो. आणि आपल्याकडे सहसा न दिसणारं, तिकडचं लाडकं कार्तोनलेन्यो, लाकडाच्या लगद्याचा फिका पुठ्ठा, हाताने छान कापला जातो. साइट मॉडेल सहसा पूर्ण वर्ग मिळून एकच करतो, त्यात प्रत्येक ग्रुप आपला तुकडा बसवतो, तेव्हा बेसची जाडी आधी विचारा.

लेझर कटिंगचं बुकिंग सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात मिळत नाही, तीन आठवडे आधी करा. कुठल्या रंगाची रेघ कापते आणि कुठली नुसती कोरते हे तिथल्या टेक्निशियनकडून लिहून घ्या. टेक्निशियनशी मैत्री करा, इटालियनमध्ये बोन्जोर्नो म्हणा, त्याने जितकं काम होतं तितकं कशानेच होत नाही. आणि रंगीत मॉडेल, हिरवं गवत, छोट्या गाड्या हे सगळं विसरा. एकच मटेरियल, एकच रंग.

१२. प्रिंट आणि परीक्षा

कॅम्पसभोवती प्रिंटची दुकानं आहेत, आणि कोन्सेन्याच्या आदल्या दिवशी तिथे दादर स्टेशनसारखी गर्दी. दोन दिवस आधी एक ए१ टेस्ट प्रिंट काढा, भिंतीचे काळे भाग आणि बारीक रेघा त्यावरच कळतात. पीडीएफ फ्लॅट करून (सगळे लेअर एकत्र करून) न्या. एका दुकानात आमची ९०० एमबीची फाइल उघडेचना, बाहेर पाऊस, रांगेत मागचे लोक उसासे टाकतायत, आणि आमचा बारीचा मित्र हातवारे करून दुकानदाराशी काय बोलला देव जाणे, पण प्रिंट मिळाले.

मार्क ३० पैकी, पास व्हायला १८, फारच खूश झाले तर ३० ए लोदे. प्रेझेंटेशन ग्रुपचं असलं तरी मार्क प्रत्येकाचे वेगळे येऊ शकतात आणि प्रोफेसर कुणालाही कुठल्याही शीटबद्दल विचारतात. "हे तिने केलं" म्हणालात की संपलं. आदल्या रात्री चौघांनी शीट बदलून एकमेकांना समजावून सांगा. वेळ दहा-पंधरा मिनिटांची, त्यातली पहिली तीन साइटवर घालवू नका, साइट सगळ्यांची एकच आहे आणि परीक्षक ती सकाळपासून ऐकतायत.

१३. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी

झोपायच्या आधी मॉडेलचे फोटो काढा. खिडकीजवळ, काळ्या कापडासमोर, डोळ्याच्या उंचीवरून. मॉडेल विमानात येत नाही, पुढच्या सेमिस्टरला ठेवायला जागा नसते आणि कॉरिडॉरमध्ये सोडलेली मॉडेलं साफसफाईत जातात. मी १:५०० चा आमचा तुकडा तेवढा सोडवून काढला, मोज्यात गुंडाळला आणि केबिन बॅगेत घालून कराडला आणला. आईने तो शोकेसमध्ये बाहुलीशेजारी ठेवलाय आणि आलेल्या प्रत्येकाला सांगते, ही मिलानची चाळ.